मोरीत पडलेली माणसं

बुवा पार्सलाला हात लावत नसत, पाय लावत. उजव्या पायातली चप्पल अर्धी काढायची, अंगठा खोक्याच्या कोपऱ्याला टेकवायचा आणि जरासं ढकलायचं. खोकं बोटभर सरकलं की मान डोलावून म्हणायचं, "हलकां आसा. एकट्याचां."

एकट्याचां म्हणजे ते खोकं एकाच माणसाने न्यायचं. जड पार्सल दोघांनी न्यावं असा नियम होता आणि तो भिंतीवर तीन भाषांत लावलेलाही होता. पण जड कशाला म्हणायचं हे बुवांचा अंगठा ठरवायचा. आमच्या गोदामाची लादी अशी गुळगुळीत होती की दुपारी झोपलेलं मांजरसुद्धा शेपटीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढता यायचं. त्या लादीवर बुवांनी हत्तीला अंगठा लावला असता तर हत्तीही एकट्याचाच निघाला असता.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो मालक नसतो. मालक कसा दिसतो हे त्यालाही ठाऊक नसतं. पण मालकाला जे तोंडाने बोलायची लाज वाटेल ते हा आपल्या गोड गळ्याने बोलतो. बुवांचा गळा खरोखरच गोड होता. लालबागच्या त्यांच्या चाळीत ते भजनाला उभे राहत, म्हणून बुवा. वय पन्नाशीपलीकडे, केस मेंदीने लाल, कपाळाला अष्टगंध, शर्ट कायम इस्त्रीचा. मी त्यांना इथे अहो-जाहो करतो आहे ती भाषेची सवय म्हणून. आदर समजू नका.

आमचं गोदाम परळला, एका टॉवरच्या मागच्या अंगाला. पूर्वी तिथे गिरणी होती. माझ्या आजोबांनी तिच्या फाटकावर उभं राहून पत्रकं वाटली होती आणि बुवांच्या वडिलांनी तिच्या कापड विणायच्या साच्यांवर पाळ्या केल्या होत्या. आता तिथे आम्ही होतो. पार्सलं एका कंपनीची, त्यांचा ठेका दुसऱ्याकडे, त्या ठेकेदाराने माणसं पुरवायचं काम तिसऱ्याला दिलेलं. आम्हाला कामगार म्हणत नसत. आम्ही पार्टनर. भागीदार! पाठ आमची, खोकं त्यांचं, अशी ती भागीदारी.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बुवा, हा पार्टनर पडला तर औषधपाणी कोण करणार?"

बुवा हसले. "तू त्या पत्रकवाल्याचो नातू ना? रक्तातच आसा." आणि तेव्हापासून माझं नावच पडलं. "ए पत्रक, ह्यो दादरचो ढीग तुझो." "पत्रक, आज काय छापून आणलंस?" पोरं हसायची. मीही हसायचो. नाव काही वाईट नव्हतं.

गोदामात वजनकाटा नव्हता असं समजू नका. होता, चांगला बसक्या फळीचा, आकडे उजळणारा. पण एका खंडेनवमीला बुवांनी त्याची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, फळीवर गणपतीची तसबीर ठेवली आणि पुढे ती तिथून हलवलीच नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, झेंडूचा भुगा झाला, तरी काटा देवाच्या नावाने बसूनच. कोणी पार्सल घेऊन तिकडे वळलं की बुवा दुरूनच ओरडत, "अरे, देव आसा थंय!"

शस्त्राची पूजा आपल्याकडे करतात, दुसऱ्या दिवशी ते हातात घेता यावं म्हणून. बुवांनी ती करून ते कायमचं म्यान केलं. या माणसाच्या भक्तीत मला खोट काढता आली नाही. ती खरीच होती. नेमकी ठेकेदाराच्या सोयीच्या जागी उगवायची, इतकंच.

कोणी कुरकुर केली तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "गणपती उचलतंस तेव्हा वजन इचारतंस?"

लालबाग-परळच्या पोरांना हा बाण बरोबर लागायचा. त्यांनी ट्रॉल्या ओढलेल्या, मूर्तीखाली खांदे दिलेले. वजन विचारणं म्हणजे आपण मंडळातले नव्हेच. ती गप्प व्हायची आणि खोकं उचलायची. एकदा मी म्हणालो, "गणपतीखाली शंभर खांदे असतात, बुवा. इथे एकच आहे."

बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भजनात बेसूर झालो. "तुका नाय कळूचां," ते म्हणाले. माझ्या घरी गणपती बसत नाही, बाबासाहेबांचा फोटो आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता आणि तो गोदामातल्या सगळ्यांना कळला.

आता मोरीकडे येतो.

मी लागल्यावर पहिला पडला तो काळाचौकीचा एक जण. पाण्याच्या मशीनचं खोकं घेऊन जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं. बुवा टॅक्सी करून स्वतः त्याला पालिकेच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? बुवा पुढे झाले. "मोरीत पडलो तो. शेवाळ होतां." पुढे एकाच्या कमरेत उसण भरली ती सुटेना, तोही मोरीत पडला. एकाच्या हाताची दोन बोटं खोक्याच्या पत्र्याच्या पट्टीत सापडली. तीही मोरीच्या दारात चेमटली असं बुवांनी सांगितलं. कामावर पडला असं लागलं तर ठेकेदाराला जाब द्यावा लागतो, उपचाराचा भार घ्यावा लागतो. मोरीत पडलेल्या माणसाचा जाब मोरीकडे.

इस्पितळातली एक तरुण डॉक्टरीण एकदा बुवांना म्हणाली, "काका, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांच्या मोऱ्या एकदा घासून घ्या ना."

बुवांना तो विनोद एवढा आवडला की त्यांनी तो गोदामात येऊन आम्हालाच सांगितला. पोट धरून हसले. बोटं चेमटलेला माणूस शेजारी उभा होता. तोही हसला.

माझ्या तिरस्काराला खरी अडचण व्हायची ती इथेच. बुवा निव्वळ लबाड असते तर काम सोपं होतं. पण ते इस्पितळात जात ते केळ्यांचा घड घेऊन. पट्टी बांधलेल्या माणसाला शहाळ्याची नळी तोंडाशी धरून पाणी पाजत. त्यांच्या टेबलाच्या खणात बामच्या बाटल्या असत. संध्याकाळी कोणाची पाठ धरली तर त्याला उलटं उभं करून, शर्ट वर करून, ते स्वतःच्या हाताने चोळत. चोळताना गुणगुणत. तो हात इतका जाणता होता की माणूस डोळे मिटायचा. माझ्याही पाठीला तो लागला आहे. सकाळी अंगठ्याने पाठ मोडायची आणि संध्याकाळी तळव्याने ती चोळायची, असे हे आमचे बुवा. बाम मात्र ते स्वतः विकत आणायचे, ठेकेदाराकडून नव्हे. हे लिहिलं नाही तर खोटं होईल.

मोरेश्वर आमच्यातला सगळ्यांत दणकट. वरळी कोळीवाड्यातला. चाळिशीचा, खांदे दारासारखे. होडीचा धंदा बसला म्हणून इकडे आलेला. बायको दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मोरेश्वर कधी नाही म्हणत नसे, म्हणून जे सगळ्यांत नको ते त्याच्याकडे यायचं. बुवांनी त्याच्यासाठी वेगळं वाक्य राखून ठेवलं होतं, "तू जाळी ओढणारो माणूस. तुका ह्यां काय!"

त्या दिवशी घरघंटी आली होती. घरात पीठ दळायची गिरणी, लाकडी कपाटाएवढ्या खोक्यात. पत्ता फणसवाडीचा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोक्यावर पाठवणाऱ्याने वजन घातलं होतं अठरा किलो. अठरा किलोत त्या गिरणीची मोटरही बसत नाही.

बुवांनी चप्पल काढली, अंगठा लावला. खोकं हललं नाही. बुवांनी टाच लावली. सरकलं.

"हलकां आसा."

"बुवा, टाच लावलीत," मी म्हणालो.

"मग काय डोक्या लावू?"

मी काट्यापाशी गेलो. तसबीर दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या टेबलावर नीट ठेवली, माळेचा भुगा झाडला आणि काट्याची पिन लावली. मोरेश्वरने आणि मी मिळून खोकं फळीवर चढवलं. आकडे उजळले. सत्तेचाळीस. सगळं गोदाम थांबून पाहत होतं.

बुवा जवळ आले. आकड्याकडे पाहिलंच नाही. तसबिरीकडे पाहिलं, कानाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतके महिने बंद पडलेलो काटो. तो खरां बोलात?"

"मग रोज वापरा. बोलायला शिकेल."

"पत्रक, तुझो दादरचो ढीग अजून हयसरच आसा. जा."

"मी मोरेश्वरबरोबर जातो. मग दादर."

"तू गेलास तर तुझो आयडी बंद आणि ह्याचो पण. दोघांचो." आयडी बंद म्हणजे दुसऱ्या दिवसापासून काम नाही. बुवांनी ते ओरडून सांगितलं नाही. भजनाआधी तंबोरा लावतात तसं, शांतपणे सांगितलं.

मोरेश्वरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. नेतो मी. तुझ्या भांडणापायी माझं घर बसवू नको." आणि त्याने खोकं टेम्पोत चढवलं.

पुढचं मला त्याने नंतर सांगितलं. टेम्पोवाल्याने गल्लीच्या तोंडाशी खोकं उतरवलं आणि तो पुढे गेला. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. मोरेश्वरने खोकं पाठीवर घेतलं, दोरी कपाळाला लावली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून एक बाई वाकून म्हणाली, "भिंतीला घासू नका हं! आत्ताच रंग दिलाय." तो भिंतीपासून दूर झाला. झिजलेल्या पायरीवर पाय वाकडा पडला. तो खाली बसला आणि खोकं त्याच्या टाचेवर. बाई धावत खाली आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "गिरणी फुटली नाही ना?"

त्या बाईला मी ओळखत नाही. पण त्या घरच्या भाकऱ्यांची मला चव कळते.

मला फोन आला तेव्हा मी दादरला होतो. इस्पितळात पोहोचलो तर बुवा माझ्याआधी हजर. हातात केळी. मोरेश्वर कण्हत होता, टाच फुगून तांबडीलाल. बुवा त्याच्या कानाशी वाकले होते. "मोरीत पडलंय म्हणान सांग. मी आसय ना. काय होऊचा नाय. पाय बरो झालो की पयलो रूट तुझो." मोरेश्वरने इंजेक्शनच्या गुंगीत डॉक्टरला सांगितलं, मोरीत पडलो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. पहिल्या ऑपरेशनने काम झालं नाही, दुसरं करावं लागणार होतं, नाहीतर पाय कायमचा गेला. तोवर मोरेश्वरचा आयडी बंद झाला होता. पयलो रूट कसला, गोदामाच्या दारातूनच परत पाठवलं. ठेकेदाराच्या माणसाने त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं, "ताई, घरात पडलेल्याचं आम्ही काय करणार?"

ती दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी शेजारणीकडे सोपवून मला म्हणाली, "चल. तुझ्या त्या भजनीबुवाचं घर दाखव."

लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर बुवांची खोली. भिंतीवर पखवाज टांगलेला. बुवांनी आम्हाला पाट दिला, चहा ठेवला. ती चहाला शिवली नाही.

"बुवा, एकच सांगा. माझ्या घरवाल्याला वजन घेऊन तुम्ही धाडलं की नाय?"

"वैनी, धाडलंय."

"मग कामगार कचेरीत साहेबापुढे तेवढंच बोला. त्याचा पाय वाचंल."

बुवांनी आपला कप खाली ठेवला. मग उठले, आमच्याकडे पाठ केली आणि शर्ट वर केला. आत कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, बकलं लावलेला. पट्ट्याच्या कडेला कातडी काळी पडलेली.

"मी पण मोरीतच पडलंय, वैनी," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "फ्रिज होतो. शिवडीक. एकट्याचो म्हणान सांगितलानी. मी तोंड उघडूक नाय, म्हणान सुपरवायझर झालंय. मोरेश्वर पण सुपरवायझर होतलो. जरा थांबूक होयां."

म्हणजे पहा. खोकी उचलून उचलून ज्याची कंबर गेली त्याला बक्षीस काय, तर दुसऱ्यांच्या कमरा मोडायचा हक्क. आणि हा माणूस त्याला बढती म्हणत होता, आमच्यापुढे शर्ट वर करून, जवळजवळ अभिमानाने. क्षणभर मला त्या काळ्या कातडीकडे पाहवेना. पुढच्याच क्षणी मला त्यांचा जास्तच राग आला. ज्याला काही माहीत नसतं त्याला माफ करता येतं. बुवांना प्रत्येक खोक्याचं वजन त्या पट्ट्याखाली कळत होतं.

मोरेश्वरची बायको उठली. "तुमचा पट्टा झाका," ती म्हणाली. "मी तुमचा पट्टा बघायला आले नाय."

मोरेश्वरचा अर्ज गेला आणि कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. एका खोलीत टेबल, एक टाईप करणारा कारकून, आम्ही बाकावर. ठेकेदाराकडून काळ्या पँटीतला एक तरुण आला होता, बरोबर बुवा. बुवांनी नवीन अष्टगंध लावलं होतं. अधिकारी बाई थकलेल्या दिसत होत्या, पण ऐकत होत्या.

"तुमचं म्हणणं काय?" त्यांनी बुवांना विचारलं.

"घरी पडलो तो, मॅडम. मोरीत. पाय घसारलो."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाय, पण तेनाच सांगितलान. डॉक्टरला पण."

मोरेश्वरची बायको उभी राहिली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"बाई, आमच्या घरात मोरी नाय."

अधिकारी बाईंनी कागदावरून मान वर केली.

"कोळीवाड्यातलं घर हाय आमचं. एक खोली, वर माळा. पाणी दारातल्या पिंपात. पुरुष बाहेर गल्लीत आंघोळ करतात, आम्ही बायका मागल्या सार्वजनिक न्हाणीत. मोरी असती तर मी देवाला नारळ वाढवला असता. कुठल्या मोरीत पडला माझा नवरा, ते या बुवांना विचारा."

चाळीत जन्मलेल्या माणसाला खोली म्हटली की कोपऱ्यात मोरी दिसतेच. उंबऱ्याएवढा कठडा, पितळी घंगाळ, वर दोरीवर टॉवेल. इतकी वर्षं बुवांनी माणसांना त्या एकाच मोरीत पाडलं होतं, आपल्या मनातल्या. बरं, केळी घेऊन इस्पितळात जाणारे बुवा कुणाच्या घरी मात्र कधी गेले नव्हते. गेले असते तर या वेळी पडायला दुसरी जागा शोधली असती.

"बोला," अधिकारी बाई म्हणाल्या. "कुठली मोरी?"

बुवांनी काळ्या पँटीतल्या तरुणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेजाऱ्याची आसात."

टाईप करणारा कारकून फिस्सकन हसला. पाठोपाठ आमचा सगळा बाक. मोरेश्वरसुद्धा, कुबडीवर रेलून. त्या हसण्यात बुवा तेवढे एकटे पडले. ते आमच्याकडे वळून पाहत होते. त्यांच्या विनोदांना हसणारी हीच माणसं, आज न सांगता हसत होती.

काळ्या पँटीतला तरुण घाईने उठला. "मॅडम, हे गृहस्थ काय बोलतात त्याला आम्ही जबाबदार नाही. हे आमचे कर्मचारी नाहीत. कदाचित तिथे येत-जात असतील. आमची सगळी पार्सलं नियमानेच जातात."

बुवांचं डोकं सावकाश त्याच्याकडे वळलं. "येत-जात?" ते म्हणाले. एवढंच.

पाय कामावर गेला हे त्या दिवशी मान्य झालं. ठेकेदाराला दुसरं ऑपरेशन करून द्यावं लागलं. पण मोरेश्वर पहिल्यासारखा चालू शकला नाही. हाड जुळलं, टाच मात्र टेकत नाही. जिना चढायचं काम संपलं. आता तो कोळीवाड्यात बसून दुसऱ्यांची जाळी विणतो. आमचा विजय झाला असं आमची पत्रकं म्हणतील. म्हणू देत. मी त्याला चालताना पाहतो.

बुवांची खुर्ची दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली. त्यांना कोणी काढलं नाही, कारण ते कधी लागलेच नव्हते! दारावरच्या रखवालदाराने त्यांना आत सोडलं नाही, एवढंच. त्यांच्या जागी एक टाय लावलेला मुलगा आला. तो पार्सलाला पायही लावत नाही. फोनवर बघून सांगतो.

काही आठवड्यांनी मी मोरेश्वरकडे गेलो होतो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वाट काढत बुवा आले. अष्टगंध नव्हतं, शर्टाची इस्त्री मोडलेली. दारात पिंपाशी उभे राहिले. आत या असं कोणी म्हटलं नाही. मोरेश्वरची बायको काठ्यांवरचे बोंबील उलटे करत राहिली.

"मोरेश्वरा," बुवा म्हणाले, "मीय अर्ज केलंय. इतकी वर्षं राबलंय. ते म्हणतत तू कोण? थंय नव्हतसच. तू सांगशील? मी होतंय म्हणान?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. पत्रकवाल्याच्या नातवाला शिव्या येत नाहीत असा तुमचा समज असेल तर तो तसाच राहू द्या.

मोरेश्वरने जाळ्याची गाठ दाताने ओढली. "सांगेन की," तो म्हणाला. "होता ते होता. ते सांगायला काय जातं?" मग माझ्याकडे वळून, "तू पण येशील."

"मी? ह्यांच्यासाठी?"

"ह्यांच्यासाठी कशाला? ते म्हणतायत हा माणूस तिथे नव्हताच. मग मला धाडला कुणी? भुताने?"

त्याच्या बायकोने मान वर केली नाही, पण पिंपातून तांब्याभर पाणी काढलं आणि बुवांच्या पायापाशी ठेवलं. बुवांनी उभ्यानेच ते घटाघटा पिऊन टाकलं.

म्हणून मी गेलो. तीच खोली, तोच कारकून, त्याच अधिकारी बाई. बुवा बाकाच्या टोकाला बसले होते, कमरेला हात लावून. मी त्यांच्याशेजारी बसलो नाही. भिंतीशी उभा राहिलो. काळ्या पँटीतल्या तरुणाने तेच सांगितलं, हे गृहस्थ आमचे कोणी नाहीत. मोरेश्वरने कुबडीवर उभं राहून सांगितलं, होते.

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "हे तिथे काम करत होते?"

"हो. रोज."

"काय काम?"

मी एरवी बोलायला थांबत नाही. त्या दिवशी थांबलो. खूप शब्द होते, सगळे तयार, सगळे धारदार, आणि त्यातला एकही त्या बाईंना टाईप करून घेता आला नसता. शेवटी जे होतं तेच सांगितलं.

"हे आम्हाला वर पाठवायचे."

कारकुनाची बोटं थांबली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वर म्हणजे?"

मी उत्तर द्यायच्या आत बाकाच्या टोकावरून बुवा उठले. उठताना त्यांनी बाकाला धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं, कारण अखेर कोणीतरी त्यांचं काम काय ते भर कचेरीत सांगितलं होतं. त्यांनी बाईंना हात जोडले.

"बरोबर सांगता तो, मॅडम," ते म्हणाले. "मीच पाठवी. सगळ्यांका."